तीन आकडे आणि एक गोदाम : जळगावच्या एका डाळ मिलचे प्रकरण

ऑक्टोबर २०२३च्या दुसऱ्या आठवड्यात, जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळ मिलच्या कार्यालयात, लेखापरीक्षकांकडे आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची उमेदवारी) करणारा एक मुलगा दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बसून होता. पहिला कागद ३० सप्टेंबरअखेरच्या साठापत्रकाचा होता. सीसी, म्हणजे मालाच्या तारणावर उचल देणाऱ्या कॅश क्रेडिट खात्यापोटी बँकेला दरमहा द्यावयाच्या या पत्रकात तूर आणि तूरडाळ मिळून १,४८० टन माल दाखवला होता. दुसरा कागद केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या पोर्टलवर २९ सप्टेंबरला भरलेल्या साप्ताहिक साठ्याची छापील प्रत होती आणि तिच्यावर ९८५ टन असा आकडा होता. एका दिवसाच्या अंतराने ४९५ टनांचा, म्हणजे पंचवीस टनी वीस ट्रक भरतील इतका फरक पडत होता. मुलाने मुनीमजींना विचारले. मुनीमजी म्हणाले, नानांना विचारा. नाना म्हणाले, मालाचे अण्णा बघतात. अण्णा म्हणाले, पोर्टलचे ऑफिसवाले भरतात, बँकेचे बापू बघतात. बापूंनी त्याला परत मुनीमजींकडे पाठवले. दुपारच्या जेवणापर्यंत त्या मुलाने कंपनीची संपूर्ण रचना पायांनी मोजली होती आणि उत्तर मात्र कोणाकडेच नव्हते.

या फरकाच्या निमित्ताने कॉस्ट अकाउंटंट म्हणून मला बोलावणे आले. कंपनीचे व माणसांचे नाव येथे दिलेले नाही. घरात ज्या नावांनी एकमेकांना हाक मारतात तीच वापरली आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

मिलची घडण

वडिलांनी भागीदारीत सुरू केलेली ही मिल पुढे खाजगी मर्यादित कंपनी झाली. दिवसाला ४० टन तूर भरडण्याची क्षमता आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर वार्षिक क्षमता १२,००० टन होते. प्रत्यक्षात महिन्याला आठशे टनांच्या आसपास माल निघतो. संचालक तिघे भाऊ. थोरले अण्णा खरेदी पाहतात, मधले नाना मिल चालवतात, धाकटे बापू विक्री, उधारीची वसुली आणि बँक सांभाळतात. जळगावच्या डाळ धंद्यात ही वाटणी इतकी रूढ आहे की घरात तीन मुलगे झाले म्हणजे खाती आपोआप ठरतात, असे गमतीने म्हटले जाते.

डाळीच्या धंद्याचे स्वरूप न समजता या वाटणीकडे पाहिले तर ती सोयीस्कर वाटते. धंद्याच्या आत शिरल्यावर तिचे सांधे दिसू लागतात. तूर येते ती विदर्भातून, मराठवाड्यातून, कर्नाटकातल्या कलबुर्गीहून आणि मुंबई बंदरावर उतरलेली म्यानमारची किंवा आफ्रिकेची. प्रत्येक गावची तूर वेगळी वागते. ती साफ करायची, चाळून प्रती पाडायच्या, एमरीच्या रोलवर घासायची, तेलाचा हात देऊन ढिगात मुरवायची, पाणी मारून वाळवायची, पुन्हा घासायची, फाडायची आणि शेवटी सोर्टेक्समधून रंगाप्रमाणे निवडून कट्टे भरायचे. शंभर किलो तुरीतून डाळ किती निघाली, म्हणजे उतारा किती पडला, यावर मिलचा नफा ठरतो आणि एका-दोन टक्क्यांचा उतारा इकडचा तिकडे झाला तर वर्षाचे गणित बदलते. आता खरेदी करणाऱ्याने ओलसर पण स्वस्त तूर घेतली, तर खरेदीचा भाव चांगला दिसतो आणि उतारा पडतो. दोष मिल चालवणाऱ्याच्या माथी येतो. विकणाऱ्याने मुंबईच्या व्यापाऱ्याला फटका डाळ चार दिवसांत देण्याचा शब्द दिला, तर वाळवण अर्धवट सोडून ढीग उचलावा लागतो. म्हणजे तिघांची खाती वेगळी असली तरी तिघांचा निर्णय एकाच ढिगावर येऊन पडतो, आणि ढिगाजवळ उभा असतो तो सुपरवायझर.

या सुपरवायझरची मिलमध्ये एकवीस वर्षे गेली होती. एकाच ढिगाबद्दल सकाळी अण्णांचा आणि दुपारी बापूंचा वेगळा हुकूम आला तर तो काय करतो, असे मी त्याला विचारले. तो नानांकडे जातो आणि नाना म्हणतात, “माले काय इचारस, अण्णाले इचार.” मग तो संध्याकाळपर्यंत काहीच करत नाही, कारण तोवर दोघांपैकी एक जण विसरून जातो. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ‘एका माणसाला एकच वरिष्ठ’ हे तत्त्व आँरी फायोल या फ्रेंच खाण-अभियंत्याच्या नावे शिकवले जाते. त्याने ते १९१६ साली मांडले. आमच्या सुपरवायझरने त्या तत्त्वावाचून जगण्याची रीत स्वतः शोधून काढली होती, आणि तिची किंमत दर ढिगामागे अर्धा दिवस होती.

साठ्याची मर्यादा

२ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने तूर आणि उडीद यांच्या साठ्यावर मर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्याला २०० टन, किरकोळ दुकानदाराला ५ टन आणि मिलला मागील तीन महिन्यांचे उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते. आपल्या मिलच्या बाबतीत हा आकडा ३,००० टन येतो, आणि इतका माल भरायला जागाही नव्हती. त्यामुळे पहिले चार महिने या आदेशाची कोणाला जाणीवच झाली नाही. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सरकारने मर्यादा कमी केली. घाऊक व्यापाऱ्याचे २०० टन ५० वर आले, आणि मिलसाठी एक महिन्याचे उत्पादन किंवा क्षमतेच्या १० टक्के, यांपैकी जास्त ते, असे ठरले. आपल्या मिलची मर्यादा एका दिवसात ३,००० टनांवरून १,२०० टनांवर आली.

ऑक्टोबर हा तुरीच्या वर्षातला सर्वांत टंचाईचा काळ असतो. नवी तूर डिसेंबर-जानेवारीत येऊ लागते, जुनी संपत आलेली असते, आणि ज्याच्याकडे माल आहे त्याच्या मनात तेजीची आशा असते. अण्णांनी ऑगस्टमध्ये ३८० टन तूर घेऊन ठेवली होती. मिलमध्ये जागा नव्हती म्हणून ती भाड्याच्या गोदामात उतरवली होती. भाव नंतर ठरवायच्या बोलीवर माल आला असल्याने बिल आलेले नव्हते, बिल नसल्याने टॅलीत, म्हणजे संगणकावरच्या हिशेबात, नोंद नव्हती, आणि सुट्या कडधान्याला जीएसटी नसल्यामुळे ई-वे बिलाचाही (मालवाहतुकीच्या ऑनलाइन नोंदीचा) माग नव्हता. गोदामाची किल्ली अण्णांच्या गाडीत असे.

आम्ही साठा मोजला तो घटस्थापनेच्या दिवशी, रविवारी १५ ऑक्टोबरला, कारण त्या दिवशी मिल बंद होती. मग काटा पावत्यांवरून मागे जात ३० सप्टेंबरचा आकडा काढला. मिलच्या आवारात तूर ६१० टन, मुरवणीत आणि वाळवणीत ९५ टन, तयार डाळ २८० टन, एकूण ९८५ टन. हाच पोर्टलवरचा आकडा होता, कारण तो टॅलीतून घेतला होता. त्यात गोदामाचे ३८० टन मिळवले की १,३६५ होतात. बँकेच्या पत्रकातले १,४८० कुठून आले, हे बापूंनी थोड्या संकोचाने सांगितले. कलबुर्गीच्या अडत्याला ११५ टनांची आगाऊ रक्कम दिली होती. माल अजून निघायचाच होता, पण पैसा गेला म्हणजे माल आपलाच, या हिशेबाने त्यांनी तो साठ्यात धरला होता. साठा जास्त दिसला की बँकेकडून उचल जास्त मिळते.

म्हणजे तीन भावांनी तीन आकडे जपले होते. प्रत्येकाचा आकडा त्याच्या खात्यापुरता समजण्याजोगा होता, आणि कंपनीचा खरा आकडा, मर्यादेपेक्षा १६५ टनांनी जास्त असलेला, यांपैकी कोणाकडेच नव्हता. कंपन्यांच्या लेखापरीक्षण अहवालासंबंधीचा २०२०चा आदेश लागू झाल्यापासून, चालू मालमत्तेच्या तारणावर पाच कोटींहून अधिक खेळत्या भांडवलाची मर्यादा घेतलेल्या कंपनीने बँकेला दिलेली तिमाही पत्रके पुस्तकांशी जुळतात की नाही, हे लेखापरीक्षकाला अहवालात लिहावे लागते. म्हणून तर तो मुलगा ते कागद घेऊन बसला होता. हा फरक वर्षअखेरीला सापडला असता तर तोपर्यंत त्यात आणखी काय मिसळले असते, याचा अंदाजही करवत नाही.

वकिलांच्या सल्ल्याने पोर्टलवरचा आकडा दुरुस्त केला गेला, गोदामातला काही माल भरडाईला घेतला, काही विकला, आणि साठा मर्यादेच्या आत आला. तो भाग येथे वाढवत नाही. मला महत्त्वाचा वाटला तो त्यानंतर तिघा भावांनी एकमेकांना विचारलेला प्रश्न, की यात जबाबदार कोण.

फॉर्मांवरची कंपनी

तिघांचेही म्हणणे होते की कंपनीत कोण कशाला जबाबदार हे कधी लिहिलेलेच नाही. मी कपाटातील सर्व परवाने, अर्ज आणि ठराव टेबलावर काढायला सांगितले, कारण मला उलट शंका होती. कायदा कोणत्याही कंपनीला जबाबदारीचा नकाशा न काढता राहू देत नाही. फक्त तो तुकड्यांनी, वेगवेगळ्या खिडक्यांवर काढून घेतो.

तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियमाखाली प्रत्येक कारखान्याला एक भोगवटादार, म्हणजे कारखान्याच्या कारभारावर अंतिम ताबा असलेली व्यक्ती, असावा लागे, आणि कंपनीच्या बाबतीत तो संचालकांपैकीच कोणी असावा लागे. पगारी व्यवस्थापकाला पुढे करून संचालकांना यातून सुटता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले होते. आपल्या मिलचे भोगवटादार होते बापू, जे आठवड्यातून दोनदा मिलच्या आवारात जात. अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ६६ नुसार कंपनीला त्या त्या ठिकाणच्या अन्नसुरक्षेसाठी जबाबदार व्यक्ती नेमून फॉर्म ९ मध्ये कळवता येते. त्या फॉर्मवर नाव होते ते एका जुन्या केमिस्टचे, जो नोकरी सोडून सुरतला गेला होता. बँकेच्या कागदांवर तिघांचीही वैयक्तिक हमी होती, पण साठापत्रकावर सही एकट्या बापूंची. पोर्टलवरची नोंदणी मुनीमजींच्या मुलाच्या मोबाइल क्रमांकावर होती, कारण ज्या दिवशी ती केली त्या दिवशी ओटीपी त्याच्याच फोनवर घेतला होता.

आणि जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ चे कलम १० असे म्हणते की कंपनीकडून उल्लंघन झाले तर कंपनीबरोबरच, त्या वेळी कंपनीच्या कारभाराचा ताबा असलेली आणि कंपनीला जबाबदार असलेली प्रत्येक व्यक्ती दोषी मानली जाईल. आपल्या नकळत ते घडले किंवा आपण योग्य ती दक्षता घेतली होती, हे त्या व्यक्तीने सिद्ध करायचे. हे कलम मी मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा खोलीत शांतता पसरली. नाना म्हणाले, “म्हणजे मला त्या गोदामाची किल्लीही माहीत नाही, तरी मी?” वकिलांनी उत्तर दिले की माहीत नव्हते हे सांगता येईल, पण मिल तुम्हीच चालवता, तेव्हा कोणता माल कुठे आहे हे तुम्हाला का माहीत नव्हते, असे पुढचे वाक्य असेल.

त्या दिवशी मला जे वाटले ते आजही वाटते. या कंपनीत रचनेचा अभाव नव्हता. दोन रचना होत्या. एक फॉर्मांवरची, जिच्यात प्रत्येक खुर्चीवर भलताच माणूस बसवलेला होता. आणि दुसरी फोनवरची, जी रोज चालत होती आणि जिच्यात कोणाचेच नाव नव्हते.

संध्याकाळचे ताट

येथपर्यंतचे निदान कोणीही केले असते. मला सतावणारा प्रश्न वेगळा होता. हीच माणसे, हीच वाटणी, हेच फॉर्म गेली वीस वर्षे होते. मग मिल इतकी वर्षे नीट कशी चालली? असे गोदाम या आधी कधीच कसे झाले नाही?

उत्तर मला मिटिंगमध्ये मिळाले नाही. नानांच्या घरी चहा घेताना मिळाले. २०२१पर्यंत तिघे भाऊ एकाच वाड्यात राहत. रात्री आठ वाजता तिघांनाही आईसमोर जेवायला बसावे लागे. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. ताट वाढताना ती रोज एकच विचारायची: आज काय घेतलं, काय विकलं, कुठे ठेवलं. नाना सांगत होते की अण्णांनी एकदा तेजीच्या भरात जास्त उडीद घेतला, तेव्हा ती एवढेच म्हणाली की उद्या परत कर, आणि तो परत गेला. वडिलांच्या पश्चात कंपनीचे ४० टक्के समभाग तिच्या नावावर होते, भावांचे प्रत्येकी २०. कागदावर तिघे भाऊ एकत्र आले असते तर सर्वसाधारण, म्हणजे साध्या बहुमताचा, ठराव तिच्याविरुद्धही करू शकले असते. ते कोणाच्या स्वप्नातही आले नाही.

कंपनी कायद्याप्रमाणे संचालक मंडळाच्या वर्षातून किमान चार सभा व्हाव्या लागतात आणि दोन सभांमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. या कंपनीची सभावृत्ते कंपनी सेक्रेटरीच्या कार्यालयात तयार होत आणि सह्यांसाठी फाइलमध्ये येत. त्यांत ‘सविस्तर चर्चेनंतर’ हे शब्द न चुकता असत. खरी सभा रोज रात्री आठला होत होती, वर्षातून साडेतीनशे वेळा. तीत तिन्ही खात्यांची माहिती एकत्र येई, तीत एकजण प्रश्न विचारणारी होती, आणि तीत ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असलेली व्यक्ती हजर असे. कुठल्याही मंडळाकडून याहून अधिक काही अपेक्षित नसते.

२०२१च्या मे महिन्यात ती गेली. वर्षाच्या आत चुली वेगळ्या झाल्या. भांडण काही नव्हते, मुले मोठी झाली होती आणि जागा अपुरी पडत होती. तिचे समभाग तिघांत सारखे वाटले गेले. एक बहीण धुळ्याला दिलेली आहे. तिने आपल्याकडच्या रीतीप्रमाणे हक्कसोड लिहून दिला. कायद्याने तिचाही वाटा भावांइतकाच होता, आणि ती मंडळात असती तर आईची जागा कदाचित रिकामी राहिली नसती, असे मला वाटते. पण तिला कोणी विचारले नाही आणि तिनेही विचारू दिले नाही. समभागांची मोजणी बरोबर झाली. जेवणाची सभा बंद झाल्याचे मात्र कोणाच्याच लक्षात आले नाही, कारण ती कुठल्या कागदावर नव्हती. त्यानंतर दोन वर्षे तिन्ही खाती आपापल्या वाटेने जात राहिली आणि सप्टेंबर २०२३मध्ये पोर्टलच्या एका आकड्यावर येऊन आपटली.

पुतण्याचा तक्ता

मधल्या काळात एक प्रयत्न झाला होता, तो नोंदवायला हवा. अण्णांचा मुलगा पुण्याहून एमबीए करून आला आणि त्याने २०२२ साली कंपनीचा तक्ता काढला. वर एक चौकोन, त्याखाली ऑपरेशन्स, फायनान्स, मार्केटिंग, एचआर. वरच्या चौकोनात अण्णांचे नाव होते. नानांनी तो तक्ता पाहिला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. चार दिवसांनी बापूंनी विचारले की चौकोन वयाने भरले आहेत की कामाने. मुलगा गप्प बसला.

खानदेशात अशा वेळी अमळनेरचे उदाहरण हमखास निघते, तसे ते त्या घरातही निघाले होते. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी निघाली, १९६६ साली संस्थापक अचानक वारले, आणि स्टॅनफर्डला शिकणारा त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा परत आला. तीच कंपनी पुढे विप्रो झाली. घरातला मुलगा शिकून आला की कंपनी कुठल्या कुठे जाते, असा या गोष्टीचा अर्थ पुतण्याच्या आईने लावला होता. मला त्या गोष्टीत वेगळेच दिसते. अझीम प्रेमजींनी घराबाहेरची, धंद्याची जाण असलेली माणसे नेमून त्यांच्या हाती कारभार दिला. चौकोनांत घरातलीच नावे फिरवत बसले नाहीत. पुतण्याच्या तक्त्यात बाहेरचे एकही नाव नव्हते, आणि माझ्या मते त्याचे अपयश तेथेच होते.

निर्णयांची वही

म्हणून नव्या मांडणीत आम्ही चौकोन काढलेच नाहीत. एक लांब रोजमेळाची वही घेतली आणि तीत मिलमध्ये प्रत्यक्ष घेतले जाणारे निर्णय लिहीत गेलो: तूर घेणे, उधारीवर डाळ देणे, ढीग उचलणे, ट्रक परत पाठवणे, हमालांचा दर, रोल बदलणे, बँकेला पत्रक देणे. ते बेचाळीस भरले. प्रत्येकापुढे चार गोष्टी: ठरवणारा कोण, किती रकमेपर्यंत किंवा टनांपर्यंत, आधी कोणाला सांगायचे, आणि थांबवण्याचा हक्क कोणाला. पहिल्या तीन रकान्यांवर फारसा वाद झाला नाही. चौथ्यावर अडीच महिने गेले.

त्यातला सर्वांत कठीण निर्णय खरेदीचा होता. कंपनीचा एकूण साठा लागू मर्यादेच्या ८० टक्क्यांवर गेला की पुढची खरेदी दोन संचालकांच्या संमतीनेच व्हावी, अशी सूचना नानांनी केली. अण्णा म्हणाले, “म्हणजे मी माझ्याच मिलमध्ये विचारून माल घेऊ?” त्यांच्या प्रश्नात अहंकार होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. सकाळी आठ ते दहा या वेळात अकोला, लातूर, मुंबईच्या दलालांचे फोन येतात, भाव मिनिटामिनिटाला हलतो, आणि विचारून सांगतो म्हणणाऱ्या खरेदीदाराला दलाल दुसऱ्या दिवशी फोन करत नाही. वेगाने ‘हो’ म्हणता येणे हीच अण्णांची तीस वर्षांची कमाई होती. ८० टक्क्यांच्या खाली ती शाबूत राहावी, ही तडजोड त्यामुळेच टिकली.

ही अट कंपनीच्या संस्थापन नियमावलीत (आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमध्ये) घालावी असे माझे मत होते. नियमावली बदलायला विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने हवीत. समभाग तिघांत सारखे असल्याने दोघे मिळून दोन-तृतीयांश होतात. सर्वसाधारण ठराव ते करू शकतात, विशेष नाही. अण्णा तयार नव्हते. अखेर संचालक मंडळाच्या ठरावावर काम भागवले, जो उद्या कोणतेही दोघे मिळून फिरवू शकतात. हा या मांडणीतला कच्चा दुवा आहे, आणि तो तिघांनाही माहीत आहे.

दुसरा दुवा मला अधिक खटकतो. अण्णांच्या समाधानासाठी असे ठरले की त्यांना तेजी-मंदीचा स्वतःचा व्यवहार करायचा असेल तर तो त्यांनी पत्नीच्या नावच्या स्वतंत्र फर्ममधून करावा. आणि मिलला माल हवा असेल तेव्हा ती फर्म मिलला विकू शकेल. असे व्यवहार कंपनी कायद्याच्या कलम १८८ खाली संबंधित पक्षांचे व्यवहार ठरतात आणि बाजारभावाने व नेहमीच्या व्यवहाराच्या ओघात झाले नसतील तर मंडळाची संमती लागते. कलम १८४ प्रमाणे संचालकाला आपले हितसंबंध जाहीर करावे लागतात. कागदांची तजवीज केली आहे. पण जो माणूस मिलसाठी भाव ठरवतो तोच विकणाऱ्याच्याही घरातला असेल, तर कोणता माल मिलसाठी घ्यायचा आणि कोणता स्वतःसाठी ठेवायचा, हा मोह कागदाने जात नाही. मी हे लेखी दिले आहे.

बाकीचे लवकर बसले. भोगवटादार नाना झाले. फॉर्म ९ मध्ये गुणवत्ता पाहणाऱ्या बाईंचे नाव गेले. त्या अन्नतंत्रज्ञानाच्या पदवीधर असून चोपड्याहून रोज येतात, आणि ओलावा ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त निघाला तर काट्यावरून ट्रक परत पाठवण्याचा हक्क वहीत त्यांच्या नावापुढे आहे. त्यांनी स्वतःच सांगितले की नाव देता तर हक्कही द्या, नाहीतर नाव काढा. सबंध प्रक्रियेत याहून नेमके वाक्य कोणी बोलले नाही. सुपरवायझरला ढिगाबाबत हुकूम देण्याचा अधिकार एकट्या नानांचा राहिला, आणि बापूंना मुंबईचा शब्द देण्याआधी नानांना विचारणे बंधनकारक झाले. पहिल्याच महिन्यात एक सौदा त्यामुळे गेला. बापूंनी ते अनेकदा ऐकवले.

आईच्या सभेच्या जागी संध्याकाळी सहाची नोंद आली. गोदामपाल काट्यावरून आणि गोदामांतून सर्व ठिकाणचा साठा एका पानावर लिहितो. बिल आले असो वा नसो, माल आपल्या छताखाली आला की तो लिहिला जातो, आणि आगाऊ दिलेल्या पैशांचा माल वेगळ्या रकान्यात. पानाचा फोटो तिघांच्या ग्रुपवर जातो. बँक आणि पोर्टल यांचे आकडे त्याच पानावरून घेतले जातात. पहिले तीन आठवडे फोटो नुसतेच जात होते, उत्तर कोणी देत नव्हते. मग नानांनी रोज एक प्रश्न विचारायला सुरुवात केली, साधाच, जसे लातूरची गाडी का दिसत नाही. त्यानंतर पान वाचले जाऊ लागले.

जून २०२४

२१ जून २०२४ रोजी सरकारने तूर आणि हरभऱ्यावर पुन्हा साठामर्यादा आणली, ३० सप्टेंबरपर्यंत. मिलसाठी प्रमाण जून २०२३चेच होते, तीन महिन्यांचे उत्पादन किंवा क्षमतेच्या २५ टक्के. म्हणजे मर्यादेला लागण्याची शक्यता नव्हती. तरीही त्या संध्याकाळी मी फोन करून साठा विचारला. वीस मिनिटांत तीन ठिकाणांहून आकडे आले, बापूंकडून, मुनीमजींकडून आणि गोदामपालाकडून. पहिले दोन एकच होते. गोदामपालाचा तीन क्विंटलनी कमी होता.

दुसऱ्या दिवशी त्याला विचारले. वर्षाची डाळ तिन्ही घरी भरून दिली होती, प्रत्येकी एक क्विंटल. पूर्वी एकच घर होते तेव्हा ती कोणी लिहीत नसे, म्हणून बिल फाडले नव्हते आणि टॅलीला कळले नव्हते. त्याने मात्र माल बाहेर गेला म्हणून पानावर लिहिली होती. त्यासाठी नवा रकाना आखला होता आणि वर नाव दिले होते : घर.